कंपनीचं सर्व्हिस सेंटर की चौकातलं गॅरेज? बाईकचं कोणतं काम कुठे टाकायचं

फ्री सर्व्हिसची कूपनं असतात तोवर कोणी फारसा विचार करत नाही. शोरूममधून फोन येतो, आपण गाडी नेऊन टाकतो, संध्याकाळी धुतलेली गाडी घेऊन येतो. कूपनं संपली की सल्ले सुरू होतात. शेजारी म्हणतो, "शोरूमवाले कापतात, आपल्या ओळखीच्याकडे टाक." ऑफिसमधला म्हणतो, "बाहेर हात लावू दिलास की वॉरंटी गेली समज." दोघांच्या बोलण्यात थोडं तथ्य असतं आणि दोघंही सगळ्या गाड्यांना एकच नियम लावतात.

माझं मत असं, की सगळी कामं एकाच ठिकाणी करून घ्यायचा हट्ट सोडावा. ज्याच्याकडे गाडीतला दोष वाचणारा स्कॅनर आहे, त्याला स्टार्टर मोटरचे कार्बन ब्रश बदलत बसण्यात रस नसतो. जो जुनं इंजिन डोळे मिटून जुळवतो, त्याला एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा का पेटला ते सांगता येईलच असं नाही. त्यामुळे आधी गाडीचं वय बघा, मग काम कोणतं आहे ते बघा आणि शेवटी माणूस निवडा. खालचं सगळं रोजच्या वापरातल्या १०० ते ३५० सीसीच्या पेट्रोल गाड्या आणि स्कूटर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरी, मोटर आणि कंट्रोलरच्या बाबतीत कंपनीशिवाय फारसा पर्याय नाही. तिथे निवड टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनपुरतीच उरते.

वॉरंटीचं पुस्तक आधी वाचा

गाडीसोबत मिळालेलं पुस्तक सीटखाली किंवा कपाटात पडलेलं असतं. ते काढा आणि तीन गोष्टींवर पेनाने खूण करा: वॉरंटी किती वर्षं किंवा किती किलोमीटर, सर्व्हिसचं वेळापत्रक, आणि वॉरंटीत काय बसत नाही त्याची यादी. वर्षं आणि किलोमीटर यांत जे आधी पूर्ण होईल ते धरतात. दिवसाला ६०-७० किलोमीटर चालवणाऱ्याची वॉरंटी कागदावरच्या वर्षांच्या बरीच आधी संपू शकते. उलट, गाडी घरीच उभी असली तरी सर्व्हिसची मुदत दिवसांवर निघून जाते. "चाललीच नाही तर सर्व्हिस कशाला" म्हणून कूपन वाया घालवणारे पुष्कळ आहेत.

फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फ्री. ऑईल, फिल्टर आणि लागलेले पार्ट यांचे पैसे द्यावेच लागतात. बिल बघून तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

वॉरंटी कारखान्यातल्या दोषासाठी असते. ब्रेक शू, डिस्क पॅड, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, बल्ब, रबरी भाग हे वापराने झिजणारे असल्याने सहसा तिच्यात धरत नाहीत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या त्या बनवणाऱ्या कंपनीची असते. गाडीच्या कंपनीचा डीलर फार तर क्लेम पुढे पाठवतो.

आता वादाचा मुद्दा: बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते का? २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला होता. ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नका, असं त्यात म्हटलं होतं. बाहेरच्या सदोष कामामुळेच बिघाड झाला असेल, तर कंपनीला स्वतःचा बचाव करायची मुभा मात्र ठेवली होती. हा आदेश कार कंपन्यांपुरता होता, दुचाकीवाल्या त्यात नव्हत्या. तुमच्या बाईकच्या पुस्तकात "सर्व ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत केंद्रातच झालेल्या हव्यात" असं छापलेलं असेल, तर काउंटरवर त्या ओळीवरच बोट ठेवलं जाणार. आदेश दाखवून भांडता येईल, पण तीनशे रुपयांच्या बचतीसाठी ते भांडण कशाला ओढवून घ्यायचं?

म्हणून वॉरंटी आहे तोवर वेळापत्रकातली प्रत्येक सर्व्हिस कंपनीत करा, वेळेत करा आणि नोंद करून घ्या. पंक्चर, हवा, बल्ब, चेनला तेल यासाठी तिथवर जायची गरज नाही. बाहेर एक गोष्ट मात्र अजिबात करू देऊ नका, ती म्हणजे वायर कापणं. जादा एलईडी दिवे, मोठा हॉर्न, मोबाईल चार्जर लावताना मूळ वायरिंगला काप देऊन टेप गुंडाळतात. पुढे इलेक्ट्रिकलची कोणतीही तक्रार घेऊन गेलात की डीलर आधी तो जोड दाखवतो. जादा सामान लावायचंच असेल तर वेगळा फ्यूज, रिले आणि सॉकेटला बसणारं कपलर वापरणाऱ्याकडूनच लावा.

वाढीव वॉरंटी घ्यावी का? साध्या १०० सीसीच्या गाडीला मी आग्रह धरणार नाही. फ्यूएल इंजेक्शन (सेन्सरच्या मदतीने पेट्रोल फवारणारी यंत्रणा), एबीएस, डिजिटल मीटर असलेल्या गाडीला मात्र ती पैसे वसूल करून देऊ शकते, कारण एकटा मीटर किंवा ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) बदलायला लागला तरी वाढीव वॉरंटीच्या रकमेपेक्षा जास्त खर्च होतो. तिच्यातही सर्व्हिस वेळेत आणि कंपनीतच करण्याची अट असते, हे धरून हिशेब करा.

रिकॉलचं काम कायम डीलरकडेच. कंपनीने एखादा भाग सदोष म्हणून परत बोलावला असेल तर तो फुकट बदलून मिळतो. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर चासी नंबर सांगून कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा डीलरकडे एकदा विचारून ठेवा. आधीच्या मालकाने ते काम करून घेतलंच असेल असं नाही.

कोणतं काम कुठे

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या गाड्या आल्या आणि रोजच्या वापरातल्या बाईकवरून कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग) जवळपास गेला, त्याची जागा इंजेक्शनने घेतली. त्याच्या आधीची गाडी आणि नंतरची गाडी यांचा विचार वेगळा करायचा.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला पिकअप पडला, सकाळी चोक देऊनही उठत नाही, आयडलिंग वर-खाली होतं, तर अनुभवी मेकॅनिक गाठा. शोरूममध्ये आता कामाला असलेल्या अनेक पोरांनी कार्बोरेटर फारसा उघडलेलाच नसतो. जेट, नीडल, फ्लोटची पातळी हे हाताने शिकलेलं काम आहे. आरएक्स १०० सारखी टू-स्ट्रोक किंवा जुनी कास्ट आयर्न बुलेट असेल, तर त्या गाड्यांचा खास माणूस शोधावा लागतो. तो शहरात एखाद-दुसराच असतो आणि नंबर लावून बसायला लागतं.

इंजेक्शनच्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा पेटला तर आधी दोषाचा कोड वाचायला हवा. काही गाड्यांत तो दिवा किती वेळा मिचकतो यावरून दोष कळतो, बाकीच्यांना स्कॅनर लावावा लागतो. बऱ्याच स्वतंत्र गॅरेजकडे आता सगळ्या कंपन्यांना चालणारे स्कॅनर आहेत, त्यामुळे "बाहेर जमतच नाही" हे जुनं झालं. पण बॅटरीची वायर काढून दिवा घालवणारा मेकॅनिक असेल, तर तिथून निघा. दिवा विझला तरी दोष तसाच राहतो. एबीएसचं युनिट, ईसीयू, चावीचं इमोबिलायझर (भलत्या चावीने गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा), सॉफ्टवेअर अपडेट ही कामं डीलरची.

दुरुस्ती करायची की आख्खा भाग बदलायचा, यात दोघांची पद्धत मुळातच वेगळी आहे, आणि पैशांचा मोठा फरक इथेच पडतो. सेल्फ मारल्यावर मोटर फिरत नाही, समजा. डीलर तपासून पूर्ण स्टार्टर मोटर बदलायला सांगेल, कारण त्याला कामाची हमी द्यायची असते आणि वेळही नसतो. गॅरेजवाला मोटर उघडून कार्बन ब्रश बदलेल, कम्युटेटर साफ करेल आणि खर्च कित्येक पटीने कमी येईल. पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय तर ऑईल सील बदलून भागतं. आख्खा फोर्क लागतो तो पाईपवर ओरखडे असतील किंवा पाईप वाकला असेल तर. डीलरने एखादी "असेंब्ली" सांगितली की विचारा: "आतला भाग सुटा मिळतो का?" मिळत नसेल तर बाहेर एक मत घ्या.

याची उलट बाजूही आहे. इंजेक्शनच्या गाडीचा फ्यूएल पंप उघडून आत भलतीच मोटर बसवून देणारे लोक आहेत. दाब पुस्तकात दिलेला मिळाला नाही तर गाडी चढावर धडपडते, आणि हायवेवर बंद पडली तर ती बचत महागात जाते. ब्रेक, इंधन आणि स्टिअरिंगच्या कामात जुगाड नको.

इंजिनचं मोठं काम निघालं, धूर येतोय, ऑईल खातंय, तर आधी सिलिंडर कोणत्या जातीचा आहे ते बघा. लोखंडी स्लीव्हचा ब्लॉक लेथवर बोअर करून मोठा पिस्टन बसवता येतो. स्प्लेंडर-पल्सरच्या वर्गात वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे आणि चांगला बोरिंगवाला माहीत असलेलं गॅरेज ते काम डीलरपेक्षा स्वस्तात आणि नीट करतं. यामाहा आर १५ चा डायॲसिल (खास ॲल्युमिनियमचा, लोखंडी स्लीव्ह नसलेला) सिलिंडर किंवा केटीएम ड्यूकचा निकासिलचा कठीण थर असलेला सिलिंडर मात्र तसा बोअर करायचा नसतो. तिथे ब्लॉक-पिस्टनचा सेटच बदलतात. "सगळे बोअर होतात हो" म्हणणाऱ्याच्या हाती अशी गाडी देऊ नका.

टॅपेटचं काम साधं वाटतं, पण बिघडतं इथेच. टॅपेटचं अंतर, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हजवळची बारीक फट, इंजिन थंड असताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावायचं असतं. शोरूममध्ये गाडी दहाला पोहोचते आणि साडेदहाला उघडतात, तेव्हा ती तापलेलीच असते. गॅरेजमध्ये पुष्कळ जण गेज न वापरता हाताच्या अंदाजाने लावतात. टॅपेट सेट करायचं असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच टाकून या, आणि गेज वापरणार का ते विचारा. केटीएम ३९० सारख्या इंजिनात शिम (ठरावीक जाडीची चकती) बदलून अंतर जुळवतात, ते काम डीलरकडे किंवा त्याच गाड्यांवर हात बसलेल्या माणसाकडे.

चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, केबल, बॉल रेसर, टायर, बेअरिंग, स्कूटरचा बेल्ट आणि रोलर ही कामं वॉरंटी संपल्यावर चांगल्या गॅरेजमध्ये खुशाल करा. पार्ट मात्र नीट निवडून.

सुटे भाग: तीन प्रकारचे डबे

पहिला प्रकार गाडीच्या कंपनीच्या नावाचा डबा. दुसरा त्या भागाच्या मूळ उत्पादकाचा स्वतःचा डबा. तिसरा नक्कल.

दुसऱ्या प्रकाराची अनेकांना कल्पना नसते. बाईक कंपन्या बरेच भाग स्वतः बनवत नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक या कंपन्या मोठमोठ्या दुचाकी कंपन्यांना सस्पेन्शन, ब्रेक, दिवे, इलेक्ट्रिकलचे भाग पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. दिव्यांत युनो मिंडा, चेनमध्ये रोलॉन आणि डायमंड, शॉकअपमध्ये गॅब्रिएल ही नावं दुकानदाराला सांगितली की तो लगेच ओळखतो. झिजणाऱ्या भागांसाठी असा डबा घ्यायला हरकत नाही. इंजिनच्या आतले भाग, सेन्सर, गॅस्केट यांना मी गाडीच्या कंपनीचाच डबा घेतो.

पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या पार्टची दुकानं ओळीने आहेत. तिथे एकाच भागाच्या तीन किमती ऐकायला मिळतात. फार स्वस्त सांगितली की डब्यावरची छपाई, एमआरपी, पार्ट नंबर, होलोग्राम आणि बनवल्याचा महिना पाहा. पक्कं बिल मागितल्यावर दुकानदार कां-कूं करू लागला तर पुढच्या दुकानात जा. ब्रेक शू, ऑईल फिल्टर आणि स्पार्क प्लग यांच्या नकला बाजारात फिरतात, आणि नकली ब्रेक शू पहिल्या पावसात कळतो.

एअर फिल्टरबद्दल एक गोष्ट. अनेक गाड्यांत तेलाचा हात दिलेला कागदी फिल्टर येतो. तो कॉम्प्रेसरच्या हवेने झाडायचा नसतो, ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा असतो. "साफ करून देतो, अजून चालेल" म्हणणारा माणूस तुमचे पैसे वाचवतोय असं वाटतं, पण धूळ त्यातून इंजिनमध्ये जाते. पुस्तकात फिल्टरसमोर "साफ करा" लिहिलंय की "बदला", ते बघून जा.

गॅरेज पारखायचं कसं

नवं गॅरेज निवडताना पहिल्या दिवशीच इंजिन उघडायला देऊ नका. साधी सर्व्हिस किंवा ब्रेक शूचं काम द्या आणि स्टूल घेऊन शेजारी बसा. चांगल्या मेकॅनिकला ग्राहक बसल्याचा त्रास होत नाही.

पहिला प्रश्न ऑईलचा विचारा: "यात कुठलं टाकता?" उत्तरावरून बरंच कळतं. गिअरच्या बाईकचा क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो, म्हणून तिला जासो या जपानी मानकाच्या एमए किंवा एमए-२ दर्जाचं ऑईल लागतं. त्यात कारचं गुळगुळीत करणारं ऑईल गेलं तर क्लच घसरतो. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी दर्जाचं १०डब्ल्यू-३० चालतं. हिरो आणि होंडा यांच्या बहुतेक कम्युटर गाड्यांना १०डब्ल्यू-३०, रॉयल एनफील्डच्या ३५० ला १५डब्ल्यू-५०. एकाच बॅरलमधून सगळ्या गाड्यांना ऑईल ओतणाऱ्याला ही गोष्ट कोणी शिकवलेली नाही, किंवा त्याला फरक पडत नाही.

मग हातांकडे बघा. ऑईलचा ड्रेन बोल्ट आधी बोटांनी बसवतो आणि मग पान्याने आवळतो का? की थेट हवेची गन लावतो? इंजिनचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा असतो. गनने आवळला की दोन-तीन वेळांतच आटे जातात आणि मग बोल्ट मोठा करत बसावं लागतं. ही चूक शोरूममध्येही घडते, फक्त तिथे काचेपलीकडून नीट दिसत नाही. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) भिंतीवर टांगलेला असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं.

सोडलेले नट-बोल्ट ट्रेमध्ये ठेवतो की जमिनीवर? गाडी उघडण्याआधी स्वतः एक ट्रायल मारून आवाज ऐकतो का? जुनं ऑईल डब्यात साठवतो की गटारात सोडतो? वापरलेलं ऑईल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, आणि ते गटारात ओतणारा इतर ठिकाणीही हात राखूनच काम करत असणार, असं मी धरून चालतो. तुमच्याच मॉडेलच्या दोन-चार गाड्या तिथे उभ्या असतील तर उत्तम, म्हणजे त्या गाडीची खोड त्याला माहीत आहे.

"हे माझ्याकडे नको, कंपनीत न्या," असं एखाद्या कामाबद्दल सांगणारा मेकॅनिक भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा. सगळं जमतं म्हणणाऱ्यापेक्षा तो पुष्कळ भरवशाचा.

हत्यारांची पूजा होते त्या खंडेनवमीच्या आसपास आणि पावसाळ्याच्या तोंडावर सगळीकडे गर्दी उसळते. त्या आठवड्यांत ना शोरूममध्ये नीट काम होतं ना गॅरेजमध्ये. मोठं काम असेल तर ते टाळून मधल्या वारी गाडी टाका. शनिवार-रविवारही शक्यतो नको.

शोरूममध्ये गाडी टाकताना

काउंटरवरचा सल्लागार तुमची गाडी दुरुस्त करत नाही. तो जॉब कार्ड लिहितो आणि आत मेकॅनिक ते कार्ड वाचून काम करतो. त्यामुळे कार्डावर काय उतरतं यावर सगळं ठरतं. "जनरल चेकअप" लिहिलं की धुऊन, ऑईल बदलून गाडी बाहेर येते. तक्रार घडते तशी सांगा आणि तशीच लिहायला लावा: "चौथ्या गिअरमध्ये ५० च्या पुढे डाव्या बाजूने खरखर", "सकाळी पहिल्या सेल्फला उठत नाही, नंतर उठते", "ब्रेक दाबला की हँडल थरथरतं". शक्य असेल तर सुपरवायझरला सोबत बसवून एक चक्कर मारा.

कार्डावर अंदाजे खर्च लिहून घ्या आणि "यापेक्षा जास्त झालं तर फोन करून विचारा" हे वाक्यही. बदललेले जुने भाग परत हवेत, हे आधीच सांगा. नंतर मागितले तर भंगारात गेलेले असतात. गाडी सोपवताना मीटर, पेट्रोलचा काटा आणि चारही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

इंजिन फ्लश, डिकार्ब (इंजिनातला कार्बन काढणं), टेफ्लॉन कोटिंग, अँटी-रस्ट, ऑईलमध्ये टाकायची बाटली: हे सगळं आग्रहाने सुचवलं जातं. पुस्तकाच्या वेळापत्रकात यातलं काय आहे ते बघा. बहुतेकदा काहीच नसतं. कोकणात समुद्राजवळ राहत असाल तर अँटी-रस्टचा विचार करता येईल, कारण खारी हवा सायलेन्सर आणि चासीचे जोड खाते. बाकीच्याला "नको" म्हणा, आणि ते कार्डावरून खोडलंय ना ते सही करण्याआधी बघा.

भाव एका मापाने मोजा

शोरूमचं बिल आणि गॅरेजने तोंडी सांगितलेला आकडा यांची सरळ तुलना होत नाही. बिलाचे तीन भाग करा: मजुरी, पार्ट, ऑईल आणि किरकोळ.

मजुरीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ५०० ची मजुरी बिलात ५९० होते. लहान गॅरेज जीएसटीत नोंदलेलं नसेल तर तो तिथे लागत नाही. फरकाचा एक भाग इथूनच येतो, त्याला लूट म्हणता येणार नाही. पार्टवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. डब्यावर छापलेल्या एमआरपीत कर धरलेला असतो. बिलात पार्टची मूळ किंमत, ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा कर मिळवून येणारी बेरीज एमआरपीच्या वर गेली, तर तिथल्या तिथे विचारा. काही कंपन्यांच्या संकेतस्थळावर पार्ट नंबर टाकून किंमत बघता येते.

ऑईलची ओळ नीट वाचा. तुमच्या गाडीत ऑईल किती बसतं ते पुस्तकात दिलेलं असतं आणि नुसतं ऑईल बदलताना लागणारं प्रमाण वेगळं, कमी असतं. बॅरलमधून टाकत असतील तर किती टाकलं त्यानुसार पैसे हवेत. पॅकबंद डबा असेल तर उरलेलं ऑईल तुमचं. गॅरेजमध्ये स्वतःचा डबा नेला तर हा प्रश्नच उरत नाही.

"किरकोळ साहित्य" अशी ओळ असेल तर त्यात काय काय आलं ते विचारा. ग्रीस आणि कापडाच्या चिंधीसाठी दीडशे रुपये लागत नाहीत.

गॅरेजमध्येही बिल मागा. साध्या कागदावर तारीख, किलोमीटर, बदललेले भाग आणि सही असली तरी चालेल. त्याचा फोटो गाडीच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका. गाडी विकताना गिऱ्हाईक हेच बघतं, आणि दोन-तीन वर्षांनी क्लच प्लेट कधी बदलली हे तुम्हालाच आठवत नसतं.

गाडी ताब्यात घेताना

पैसे देण्याआधी पाच मिनिटं. मधल्या स्टँडवर गाडी लावून मागचं चाक फिरवा आणि चेन हाताने वर-खाली करा. बहुतेक कम्युटर गाड्यांना २०-३० मिलिमीटर ढिलाई हवी, नेमका आकडा पुस्तकात किंवा चेनजवळच्या स्टिकरवर असतो. ताणून बसवलेली चेन बेअरिंग खाते. मागच्या ॲक्सलचा नट आवळलाय का आणि स्प्लिट पिन असेल तर ती आहे का, ते डोळ्यांनी बघा. ड्रेन बोल्टखाली ओल नको. ऑईलची पातळी गाडी सरळ उभी करून तपासा. दोन्ही ब्रेक दाबून बघा. डिस्क ब्रेकचं काम झालं असेल तर पहिल्या दाबाला लीव्हर पोकळ लागू शकतो, तो रस्त्यावर जायच्या आधीच दोन-तीनदा दाबून घट्ट करून घ्या. टायरमधली हवा स्वतः मोजा, शोरूममध्येही ती नेहमी पाहिलेली असते असं नाही. मग त्यांच्याच दारातून एक चक्कर मारा आणि जॉब कार्डावरची तक्रार गेली का ते बघा. गेली नसेल तर सही न करता गाडी परत आत द्या.

अपघात आणि पाणी

अपघाताचं काम विम्यातून करायचं असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत गाडी उघडू देऊ नका, डीलरलाही नाही. कॅशलेस हवं असेल तर विमा कंपनीच्या यादीतलं ठिकाण लागतं. बाहेर केलं तर आधी आपण भरायचं आणि पक्क्या बिलावर परत मागायचं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, फायबरग्लासवर ३० टक्के. झीरो डेप्रिसिएशन (हा घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं नसेल आणि फक्त मडगार्ड, इंडिकेटर फुटले असतील, तर क्लेम न करता गॅरेजमध्ये करून नो क्लेम बोनस वाचवणं पुष्कळदा फायद्याचं ठरतं. चासी किंवा फोर्क वाकल्याचा संशय असेल तर मात्र क्लेम करा आणि डीलरकडे न्या.

गाडी पुराच्या पाण्यात बुडाली तर सेल्फ किंवा किक मारू नका. आधी बॅटरी सोडा, गाडी ढकलत किंवा टेम्पोत न्या. ऑईल दुधाळ दिसलं म्हणजे पाणी आत गेलं आहे. कार्बोरेटरची गाडी चांगलं गॅरेज सुकवून, ऑईल दोनदा बदलून उभी करतं. इंजेक्शनच्या गाडीत वायरिंगची कपलरं आणि ईसीयू तपासायचे असतात, ती कंपनीत पाठवा. विमा असेल तर फोटो काढून आधी विमा कंपनीला कळवा.

बिनसलं तर

गॅरेजवाल्याशी वाद झाला तर हातात कागद नसताना फार काही करता येत नाही, म्हणून मोठ्या कामाआधी ठरलेली रक्कम आणि कामाची यादी व्हॉट्सॲपवर लिहून त्याच्याकडून "हो" घ्या. पुढे काम बिघडलं तर बहुतेक जण आपल्या नावासाठी दुरुस्त करून देतात.

डीलरच्या बाबतीत आधी सर्व्हिस मॅनेजर, मग जॉब कार्डाचा नंबर आणि फोटो जोडून कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल. फोनवरचं बोलणं मोजलं जात नाही, ईमेल जातो तेव्हा कंपनीचा विभागीय माणूस डीलरला विचारतो. त्यानेही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, ती ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही. सोबत खरेदीचं बिल, सगळी जॉब कार्डं, ईमेल आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत जोडा. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, म्हणजे ते एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे होत नाहीत.